शंकरपाळी कोणत्या जातीचा चौकोन?

शंकरपाळ्यांसाठी पोळी लाटली, की कातणं घेऊन आधी एका दिशेने रेघा मारायच्या, मग तिरप्या दुसऱ्या दिशेने. दोनदा हात फिरला की पोळीभर चौकोन तयार. या चौकोनाला भूमितीत काय म्हणतात, हे दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला विचारून पाहा. आधी उत्तर येतं "डायमंड". मग जरा विचार करून "समभुज चौकोन". एखादं सावध मूल म्हणतं, "समांतरभुज." खरं उत्तर कातणं फिरवणाऱ्या हातावर अवलंबून आहे.

पहिल्या खेपेच्या रेघा एकमेकींना समांतर, दुसऱ्या खेपेच्याही. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर आल्या, म्हणजे तो समांतरभुज चौकोन झालाच. आता दोन्ही खेपांना रेघांमधलं अंतर अगदी सारखं ठेवलं असेल, तर त्याच तुकड्याच्या चारही बाजू सारख्या होतात आणि तो समभुज चौकोन होतो. हे आपोआप कसं होतं? समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. पाया म्हणून कोणतीही बाजू घेता येते. एक बाजू पाया धरली तर उंची म्हणजे पहिल्या रेघांमधलं अंतर. शेजारची बाजू पाया धरली तर उंची म्हणजे दुसऱ्या रेघांमधलं अंतर. तुकडा तोच, क्षेत्रफळ तेच. उंच्या सारख्या असतील तर पायेही सारखेच असले पाहिजेत. म्हणजे बाजू मोजायची गरजच नाही, फक्त पट्ट्यांची रुंदी सांभाळायची. वड्या थापून सुरीने कापणाऱ्या बायका हेच करत आल्या आहेत.

दुसरी रेघ पहिलीला काटकोनात मारली तर आयत मिळतो, आणि काटकोनात मारून अंतरही सारखं ठेवलं तर चौरस. कडा आधी सरळ कापून घेतल्या असतील, तर कडेला काही तुकडे असे उरतात की त्यांच्या दोनच बाजू समांतर असतात आणि उरलेल्या दोन नसतात. तो समलंब चौकोन. एकाच पोळीत जवळजवळ सगळं खानदान आलं. पतंग तेवढा राहिला, त्याच्याकडे शेवटी येऊ.

शाळेत मात्र हा धडा याद्यांच्या रूपात येतो. समांतरभुज चौकोनाचे इतके गुणधर्म, आयताचे तितके, समभुजचे आणखी वेगळे. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत समभुज चौकोनाचे कर्ण, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेघा, नेहमी समान असल्याचं ठोकून देतात. नसतात. शंकरपाळीकडे बघितलं तरी कळतं: ती एका अंगाने लांब, दुसऱ्या अंगाने आखूड असते. माझं मत असं की या धड्यात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. दोन गोष्टी पक्क्या कळल्या की बाकीचं लिहिता लिहिता काढता येतं. एक, अर्धी फेरी. दुसरी, कर्ण.

अर्धी फेरी

कागदावर एक समांतरभुज चौकोन काढून कापून घ्या. कर्णावर दुमडून बघा. अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर बसत नाही, कोपरे बाहेर येतात. इथे बरीच मुलं गोंधळतात, कारण "कर्णामुळे दोन एकरूप त्रिकोण होतात" हे त्यांनी पाठ केलेलं असतं. त्रिकोण एकरूपच आहेत, पण ते दुमडून बसत नाहीत, फिरवून बसतात. कर्णावर कापा, एक त्रिकोण टेबलावरच अर्धी फेरी फिरवा, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि दुसऱ्यावर ठेवा. बरोब्बर बसतो.

पुस्तकातली सिद्धता हेच वेगळ्या शब्दांत सांगते. कर्ण ही समांतर बाजूंची छेदिका, म्हणजे दोन्हींना छेदणारी रेघ, म्हणून तिच्या दोन विरुद्ध अंगांचे आतले कोन, म्हणजे व्युत्क्रम कोन, समान, दोन्हीकडून. मधली बाजू, म्हणजे कर्ण, सामाईक. कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटी लागली, त्रिकोण एकरूप. मग समोरासमोरच्या बाजू समान आणि समोरासमोरचे कोनही समान.

चौकोन न कापता त्याच्या मधोमध, कर्ण जिथे छेदतात तिथे, टाचणी खुपसून सगळा चौकोन अर्धी फेरी फिरवला तरी तो स्वतःच्याच जागी येऊन बसतो. समोरची बाजू समोरच्या बाजूच्या जागी, समोरचा कोन समोरच्या कोनाच्या जागी. आणि कर्णाचं एक टोक टाचणीपासून जितकं लांब, तितकंच दुसरं टोकही, कारण फिरताना त्यांनी जागा बदलल्या. कर्ण एकमेकांना दुभागतात, हे त्यातूनच आलं. समांतरभुज चौकोनाचे सगळे गुणधर्म त्या एका टाचणीला लटकलेले आहेत.

आयताला याशिवाय आणखी काही जमतं. तो मधोमध दुमडला तर, उभा किंवा आडवा, अर्धा अर्ध्यावर बसतो. समभुज चौकोनाला कर्णावर दुमडलेलं चालतं. चौरसाला दोन्ही चालतं. साध्या समांतरभुजाला कोणतीच घडी चालत नाही, त्याला फक्त फेरी येते.

चार काड्यांवर भरवसा नको

चार काड्या टोकांना सैल बांधून चौकोन करा आणि कोपऱ्यावर बोट दाबा. चौकोन कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण असं करत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की आकार ठरला, "बाबाबा" (बाजू-बाजू-बाजू) कसोटीचा अर्थच तो. चौकोनाच्या चारही बाजू ठरल्या तरी आकार ठरत नाही. लोखंडी चॅनेल गेट सरकवून उघडता येतं ते याच वैगुण्यामुळे: पट्ट्यांची लांबी बदलत नाही, मधले समभुज चौकोन मात्र आडवे पसरलेले असतात ते उभे, चिंचोळे होत जातात. आणि फाटक झोल खाऊ नये म्हणून सुतार तिरपी पट्टी ठोकतो, तेव्हा तो चौकोनाचे दोन त्रिकोण करत असतो.

हा मुद्दा भास्कराचार्यांनी जितक्या तिखट शब्दांत सांगितला, तितका क्वचितच कुणी सांगितला असेल. 1114 साली जन्मलेले हे गणिती. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. 1150 च्या 'लीलावती'त आचार्य म्हणतात, की लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा. चार बाजूंच्या आकृतीची स्थिती अनियत असते, हेच त्यांना ठाऊक नाही.

नुसती शिवी देऊन ते थांबत नाहीत, उदाहरण देतात. चारही बाजू 25. एक कर्ण 30 घेतला तर दुसरा 40 येतो आणि क्षेत्रफळ 600. पहिला कर्ण 14 घेतला तर दुसरा 48, क्षेत्रफळ 336. आणि दोन्ही कर्ण सारखे असतील, तर चौरस, क्षेत्रफळ 625. बाजू तिन्ही वेळा त्याच. ताळा सहज करता येतो: समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून अर्धा कर्ण, दुसरा अर्धा कर्ण आणि बाजू यांचा काटकोन त्रिकोण होतो. 15, 20, 25. किंवा 7, 24, 25.

गाडीचा पंक्चर झालेला टायर बदलताना डिकीतून निघणारा स्क्रूचा जॅक हेच गणित चालवतो. चार सारखे हात, साधारण समभुज चौकोन, आणि आडव्या कर्णाच्या जागी स्क्रू. स्क्रू फिरवला की आडवा कर्ण आखडतो आणि उभा कर्ण वाढतो. दोन्ही कर्ण नेहमी काटकोनात राहतात, म्हणून स्क्रू जमिनीला समांतर असताना गाडी सरळ वर जाते. हात 15 सेंटिमीटरचे धरा. आडवा कर्ण 28 असताना उंची जेमतेम 10.8, तो 24 वर आणला की उंची 18. पुढे 24 चा 18 केला की 18 ची 24. सुरुवातीला चार सेंटिमीटरमध्ये सात सेंटिमीटर चढलो, नंतर सहा सेंटिमीटरमध्ये सहाच. सुरुवातीचे फेरे जड का जातात, त्याचं कारण हेच: तेवढ्याच फेऱ्यात गाडी जास्त उचलावी लागते.

कर्णांपासून सुरुवात केली तर

आता उलट करू. बाजू विसरा. दोन काड्या घ्या, एकमेकींवर आडव्या ठेवा आणि चार टोकं दोऱ्याने जोडा. काड्या म्हणजे कर्ण, दोरा म्हणजे बाजू. काड्या कशा ठेवल्या यावर सगळं ठरतं.

दोन्ही काड्या एकमेकींच्या मध्यावर छेदल्या, तर लांबी काहीही असो, कोन काहीही असो, समांतरभुज चौकोन मिळणारच. त्यात काड्या सारख्या लांबीच्या घेतल्या की आयत. लांबी वेगवेगळी पण छेद काटकोनात, तर समभुज. सारख्या लांबीच्या आणि काटकोनात, तर चौरस. चार वाक्यांत धड्याचा मोठा भाग संपला. समभुजचे कर्ण नेहमी समान का नसतात, याचंही उत्तर यात आहे: समान झाले असते तर तो चौरसच झाला असता.

इस्त्रीचं घडीचं टेबल आठवा. फुलीसारखे दोन पाय, मधोमध एक खिळ. फुली जास्त उघडली की टेबल बुटकं, कमी उघडली की उंच. पण वरची फळी प्रत्येक उंचीला जमिनीशी समांतरच. का? पाय हे कर्ण आहेत, खिळ दोघांच्या मध्यावर आहे, म्हणून पायांची चार टोकं कायम समांतरभुज चौकोनाचेच शिरोबिंदू राहतात, आणि पाय सारखे असतील तर आयताचे. खिळ मध्यावर नसून जरा वर असली, पण दोन्ही सारख्या पायांवर सारख्याच अंतरावर असली, तरी फळी समांतर राहते. मात्र वरचं अंतर खालच्यापेक्षा कमी होतं. हा समद्विभुज समलंब चौकोन. त्याचेही कर्ण समान असतात, एवढं लक्षात ठेवा, पुढच्या परिच्छेदात ते कामी येणार आहे.

घराच्या पायाची आखणी करताना चुन्याची फक्की मारण्याआधी गवंडी टेप घेऊन कोनाकोनी माप घेतो. काटकोन तपासायचा गुण्या लहान असतो, चाळीस फुटांवर त्याची बारीक चूक मोठी होते, म्हणून कर्ण मोजायचे. दोन्ही मापं जुळली की म्हणायचं, "काटकोनात आहे." मोठा भरवशाचा उपाय आहे, पण अर्धाच सांगितला जातो. कर्ण समान असले म्हणून चौकोन आयत होत नाही. समद्विभुज समलंबाचेही समान असतात. आधी समोरासमोरच्या बाजू जुळल्या पाहिजेत, म्हणजे समांतरभुज चौकोन पक्का झाला, मग कर्ण जुळले तर आयत. अनुभवी गवंडी बाजू आधीच मोजून खुंट्या ठोकतो, म्हणून त्याचं कधी अडत नाही. अडतं ते पेपर लिहिणाऱ्याचं.

चूक किती महागात पडते, तेही पाहू. 30 बाय 40 चा प्लॉट. कर्ण दोन्ही 50 फूट यायला हवेत. समजा बाजू बरोबर आहेत, पण एक कर्ण 51 भरला. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते, इथे 5000. त्यातून 51 चा वर्ग, 2601, वजा केला की उरतात 2399, म्हणजे दुसरा कर्ण साधारण 49 फूट. क्षेत्रफळ 1200 चौरस फुटांवरून घटलं फक्त एका चौरस फुटाने, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण 30 फुटांच्या बाजूचं टोक जिथे असायला हवं त्याच्या सव्वा फूट बाजूला गेलं. फरशी बसवणारा पहिल्याच दिवशी हे सांगेल, कारण भिंतीकडेची प्रत्येक फरशी त्याला तिरपी कापावी लागेल.

चौरस हा आयत आहे का?

आहे. तरीही हा प्रश्न दरवर्षी वर्गात वाद लावतो, आणि मुलांचं पूर्ण चूक नसतं. 'आयत' या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी लांबट, पसरलेला. युक्लिडच्या व्याख्येतही लांबोळका चौकोन आणि चौरस ही दोन वेगळी खाती होती. चारही कोन काटकोन पण बाजू समान नाहीत, तो लांबोळका. आजची व्याख्या तशी नाही. चारही कोन काटकोन असले की आयत, बाजूंबद्दल ती काही बोलत नाही. बोलत नाही याचा अर्थ मनाई नाही.

अशी व्याख्या करण्यात सोय आहे. आयताबद्दल जे काही एकदा सिद्ध केलं ते चौरसाला फुकट मिळतं. समभुजाबद्दलचंही मिळतं, कारण चौरस समभुजही आहे. हापूस हा आंबाच, पण प्रत्येक आंबा हापूस नाही, तसंच. चौरस हा एकच नातेवाईक असा की ज्याला आयताकडचा आणि समभुजाकडचा, दोन्हींकडचा वारसा मिळतो.

समलंबाबाबत मात्र पुस्तकांची भाषा बदलते. आपल्याकडे संमुख बाजूंची एकच जोडी समांतर असेल तर समलंब, म्हणजे समांतरभुज त्यात येत नाही. काही ठिकाणी "किमान एक जोडी" अशी व्याख्या करतात, आणि मग येतो. परीक्षेला आपल्या पुस्तकाची व्याख्या धरावी, वाद घालू नये. इंग्रजीत तर या चौकोनाच्या नावाचीच पंचाईत आहे: ब्रिटनमध्ये ज्याला ट्रॅपेझियम म्हणतात त्याला अमेरिकेत ट्रॅपेझॉइड. मराठीला तो त्रास नाही. उलट आपला शब्द गुणधर्मच सांगून जातो: सम-लंब, म्हणजे दोन समांतर बाजूंमध्ये कुठेही टाकलेला लंब सारखाच. क्षेत्रफळाच्या सूत्रात समांतर बाजूंच्या बेरजेची निमपट ज्या उंचीने गुणायची, ती हीच. 'कर्ण' हा शब्दही तसाच मजेशीर, मूळ अर्थ कान. लीलावतीत कर्णासाठी 'श्रुति' असाही शब्द येतो. त्याचाही एक अर्थ कानच.

पतंग आणि पाकीट

पुस्तकातल्या पतंगाला शेजारशेजारच्या दोन बाजू समान, आणि उरलेल्या दोन आपसात समान. संक्रांतीला आपण उडवतो तो बहुधा चौरस कागदाचा असतो, त्यामुळे पुस्तकातलं चित्र पाहून "हा कुठला पतंग?" असं मुलांना वाटतं. वरचा भाग आखूड, खालचा लांब, असा तो परदेशी घाटाचा. कर्णांच्या काड्यांनी सांगायचं तर: लांब काडी आडव्या काडीला तिच्या बरोबर मध्यावर काटकोनात छेदते, मात्र लांब काडीचा स्वतःचा मध्य तिथे असायची गरज नाही. त्या लांब काडीवर पतंग दुमडला की अर्धा अर्ध्यावर बसतो. म्हणून आडव्या काडीच्या टोकांचे दोन कोन समान, आणि लांब कर्ण वरचा व खालचा कोन दुभागतो. आडव्या कर्णाबद्दल असं काही म्हणता येत नाही. लांब काडीचाही मध्य तिथेच आला तर पतंगाचा समभुज होतो.

क्षेत्रफळाचं सूत्र, कर्णांच्या गुणाकाराची निमपट, हे पतंगाला आणि समभुजाला सारखंच लागू आहे, आणि त्याची सिद्धता कागदाची घडी घालून देता येते. कागदाचा पतंग कापा. कर्ण छेदतात तिथे टिंब द्या. आता चारही कोपरे आत दुमडा, प्रत्येक टोक त्या टिंबावर आणून. जुन्या पद्धतीचं पाकीट झालं: समोरून एक नीटस आयत, त्याच्या पाठीवर चार पाखळ्या, मध्ये ना फट ना कागदावर कागद. आयताची लांबी एका कर्णाच्या निम्मी, रुंदी दुसऱ्याच्या निम्मी, म्हणून त्याचं क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराचा पाव हिस्सा. कागद सगळीकडे दुपदरी, म्हणून मूळ पतंग त्याच्या दुप्पट.

पाकिटाच्या घड्या बाजूंच्या मध्यबिंदूंतून जातात, आणि याच्यामागे आणखी मोठी गोष्ट आहे. कोणताही चौकोन घ्या, कसाही वेडावाकडा. चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा. आत समांतरभुज चौकोन येतो, दर वेळी. पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हे प्रमेय ओळखलं जातं. तो 1722 मध्ये वारला आणि हे छापून आलं 1731 मध्ये. कारण नववीच्या पोराला सांगता येईल असं आहे. चौकोनाचा एक कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो. इथे तिसरी बाजू म्हणजे तो कर्ण. मग आतल्या चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या बाजू त्या एकाच कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे आपसातही समांतर आणि समान.

बाहेरच्या चौकोनाचे कर्ण काटकोनात असतील तर आतला आयत येतो, जसा पाकिटात आला. कर्ण समान असतील तर आतला समभुज. म्हणून इस्त्रीच्या टेबलाच्या फुलीभोवती टोकांना ताणला जाणारा रबरी दोरा बांधून त्याच्या चार मध्यांवर गाठी मारल्या, तर टेबल कितीही वरखाली करा, गाठींचा चौकोन समभुजच राहील. फुली काटकोनात आली की तेवढ्यापुरता चौरस.